गमालातचं कार्ड दोरीवर

फिब्रोनियाला त्या मार्च महिन्यात एकच गोष्ट हवी होती: खिडकीजवळचं टेबल.

मुकत्तम टेकडीच्या उतारावरल्या त्या कागदशाळेत बाया बावीस आणि कामाच्या जागा तीन. रद्दी फाडायची जागा, लगद्याच्या हौदाची जागा आणि सुईदोऱ्याची जागा. कैरोभरची रद्दी भिजवून तिचा लगदा करायचा, तो जाळीवर पसरून जाड कागद काढायचा, कागदाचं कार्ड, आणि कार्डावर रेशमानं मजकूर. मजकूर वर्षानुवर्षं एकच: ‘दरवर्षी सुखात असा.’ ईद असो, नाताळ असो, कुणाची पोर परीक्षेत पास होवो. कार्ड तेच, सुख तेच. फिब्रोनिया, सगळ्यांची फिबी, म्हणायची, अख्ख्या गल्लीनं एकाच मापाची चप्पल घालावी तसं आहे हे.

म्हणून तिनं चौथी जागा काढली, आपल्या डोक्यातून. खिडकीजवळ एक टेबल मांडायचं आणि गिऱ्हाईक सांगेल तो मजकूर कार्डावर काढून द्यायचा. ज्याचा त्याचा, त्याच्या शब्दांत. मालकीणबाई मादाम लोला नदीपल्याडच्या, दिवसाकाठी चहा किती वेळा उकळला हेही वहीत लिहिणाऱ्या. त्यांनी काळा चष्मा कपाळावर चढवून अट घातली. एकवीस मार्चला मातृदिन. तोवर सांगून करवून घेतलेली वीस कार्डं वहीत चढली तर टेबल फिबीचं. एकोणीस झाली तरी परत हौदावर.

हौद फिबीला पाठ होता. पाच वर्षं कोपरापर्यंत लगद्यात घालून हात साठीचे झाले होते, बाकीची फिबी अजून चोवीसचीच होती.

गिऱ्हाईक कुठं शोधायचं हे तिनं आधीच ताडलं होतं. मातृदिन म्हणजे मुलगे. आणि तरणे पुरुष गटार ओलांडणाऱ्या मेंढरांसारखे असतात, एकानं उडी मारेपर्यंत सगळे काठावर. पलीकडच्या गल्लीत प्लास्टिक दळायच्या शेडमध्ये अठरा जण कामाला, आणि त्यांच्यातला उडी मारणारा म्हणजे उस्ता, मुख्य कारागीर, अय्यूब. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

अय्यूब म्हणाला, लिही ‘आई’ म्हणून. फिबीनं विचारलं, आई तर तुझ्या शेडमधल्या शाकिरलाही आहे, मग कार्डं अदलाबदल झाली तर? आता काय मागितलं जाणार हे त्याला कळलं होतं.

त्या गल्ल्यांत पुरुष दुसऱ्या पुरुषासमोर आईचं नाव घेत नाही. शाळेत कुणाला ते कळलं की संपलंच. मग शाळा सुटेपर्यंत तुम्हाला त्याच नावानं हाका. बाईला पहिला मुलगा झाला की ती ‘उम्म अमका’ होते, अमक्याची आई, आणि तिचं स्वतःचं नाव लग्नातल्या झग्याबरोबर पेटीत जातं. फिबी याच गल्लीत वाढलेली, तिला हे कुणी सांगायला नको होतं. तिनं तोड काढली. नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी फक्त ती उघडणार, कार्ड पाकिटात घालून देणार.

दुसऱ्या दिवशी अय्यूबनं चिठ्ठी दिली. इतक्या घड्या घातलेली की वाटाण्याएवढी झाली होती. त्यानं उडी मारलेली बघितली आणि बाकीचे निघाले. कुणी घेवड्याची उसळ खायला जाताना, कुणी चहाला जाताना, कुणी काहीच निमित्त नसताना. सतरा तारखेच्या दुपारपर्यंत फिबीच्या डब्यात अठरा वाटाणे जमले. आता फक्त दोन हवे होते. ती रात्री बोटांवर मोजत झोपायची आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून मोजायची, जणू रात्रीतून एखादा कमी होईल.

पहिलं कार्ड अय्यूबचं. लाल रेशीम, ठसठशीत अक्षरं: ‘माझी आई गमालात, तुझ्या दोन्ही हातांचे मुके.’ इतकं देखणं उतरलं की शेजारच्या बायांनी हातातलं काम टाकून बघितलं. मग फिबीनं त्यावर पातळ खळ फिरवली, आणि रोजच्यासारखं चिमटा लावून दोरीवर टाकलं.

दोरी दारात, गल्लीच्या तोंडाला. आत हौदाची ओल, कागद वाळत नाही, म्हणून सगळी कार्डं बाहेरच वाळायची. पाच वर्षांत तिनं हजारो कार्डं अशी टाकली होती. ‘दरवर्षी सुखात असा’ वाचून कुणाचं काय बिघडणार? हाताला सवय होती; डोकं त्या घडीला एकोणिसाव्या गिऱ्हाइकाच्या शोधात होतं. ती आत जेवायला बसली, आणि वाऱ्यानं कार्ड वळवून गल्लीकडं तोंड केलं.

शाकिर तिथून चालला होता. अय्यूबनं बोलून ठेवलेलं कार्ड लाल रेशमात आहे हे सगळ्या शेडला ठाऊक होतं. त्यानं वाचलं, परत वाचलं, आणि सुटला तो थेट शेडपर्यंत धावत. घटकाभरात गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच गजर चालू झाला. गमालातच्या लेका, चहा पाजतोस का? गमालातच्या लेका, गोणी उचल. गाढवगाडीवरच्या म्हाताऱ्यानंही जाता जाता एक हाक घालून घेतली.

अय्यूब आला तेव्हा त्याचा चेहरा रेशमापेक्षा लाल होता. तो ओरडला नाही. दारात उभा राहून एवढंच म्हणाला, “फिबी, तू मुलगी आहेस म्हणून वाचलीस. ते कार्ड जाळ.”

आणि गेला. त्याच्यामागून एकेक करून सतरा जण आले. प्रत्येकानं आपली चिठ्ठी परत मागितली, आणि प्रत्येकानं ती उजेडाला धरून घड्या मोडल्यात का ते तपासलं. संध्याकाळी डबा रिकामा. हौदावरच्या बायांनी फिबीची जुनी जागा न बोलता मोकळी करून दिली. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

कार्ड मात्र तिनं जाळलं नाही. ड्रॉवरमध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून बायांचा घोळका येताना दिसला. पुढं उम्म अय्यूब. चिंध्या निवडायच्या कामावरची मुकादम, अंगानं भक्कम, तिच्या एका हाकेला तीन गल्ल्या ओ द्यायच्या. मागं वीसेक जणी. कुणीतरी लगद्याचं यंत्र बंद केलं. फिबीला वाटलं, आता आपले केस आणि हिचे हात.

“कुठाय ते?” उम्म अय्यूबनं विचारलं.

फिबीनं ड्रॉवर उघडून कार्ड पुढं केलं.

“माझ्या हातात काय देतेस, मला वाचता येतं का? वाच.”

फिबीनं वाचलं.

“परत.”

तिनं परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा उम्म अय्यूब टेबलाला टेकून उभी होती.

“अठ्ठावीस वर्षांत हे नाव मी दोनदा ऐकलं,” ती म्हणाली. “एकदा रेशनच्या रांगेत, एकदा दवाखान्यात. दोन्ही वेळा मेल्या कारकुनानं भलत्याच बाईकडं बघून पुकारलं. आणि काल म्हणे अख्खी गल्ली माझ्या नावानं बोंबलत होती. मी घरात पंप लावून कपडे धूत बसलेली. एक अक्षर कानावर पडलं नाही बघ.”

मागच्या बाया हसल्या, पण जपून.

“वाळलंय का हे?”

“अजून नाही, उम्म अय्यूब.”

“मग ड्रॉवरमध्ये कसलं वाळवतेस?” असं म्हणून तिनं स्वतः जाऊन कार्ड दोरीला लावलं, गल्लीकडं तोंड करून, दोन चिमटे मारून. मग दारातूनच लेकाच्या नावानं अशी हाक घातली की शेडची यंत्रं बंद पडल्यासारखी वाटली.

अय्यूब यायच्या आधी मादाम लोला आल्या. अठरा कार्डं रद्द झाल्याचं त्यांना कळलेलंच होतं. वही उघडून, टोपण काढून त्या काट मारायला बसल्या. उम्म अय्यूबनं वहीवर पंजा ठेवला. म्हणाली, थांबा बाई, गिऱ्हाईक येतंय. फिबी दोघींच्या मधोमध उभी.

अय्यूब आला, आणि गंमत बघायला त्याच्यामागं अख्खी शेड. दोरीवर काय आहे ते त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली. मादाम लोलांना गल्लीची रीत ठाऊक नव्हती, वहीची होती. त्यांनी सरळ विचारलं, कार्ड कुणाच्या नावाचं?

अय्यूब छताकडं बघत काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं,” उम्म अय्यूब म्हणाली. “काल सगळ्यांनी माझं नाव घेतलं, तू तेवढा राहिलास.”

अय्यूबनं एकदा मागं पाहिलं, मग आईकडं.

“गमालात,” तो म्हणाला. “माझ्या आईचं. गमालात.”

शाकिरच्या गालात हसू फुगलं होतं. ते बाहेर पडणार तेवढ्यात त्याला दिसलं की बायांच्या घोळक्यात दुसऱ्याच नंबरला त्याची आई उभी आहे, आणि डोक्यावरचा रुमाल नीट करतेय. हसू गिळतानाचा आवाज फिबीला स्पष्ट ऐकू आला. शेडमधल्या बाकीच्यांनीही मग आपापली आई शोधली. बहुतेकांना ती सापडली.

घोळक्याची रांग झाली. सगळ्यांना कार्ड हवं होतं, स्वतःच्या नावाचं, आणि पैसे मुलाकडून घ्यायचे होते. मुलगे कुठं पळणार, दारातच उभे. एकीला हिरवं रेशीम हवं, एकीला नावापुढं बापाचंही नाव हवं. एकीला पाच लेकींनंतर मुलगा झालेला, ती म्हणाली, मुलींनाही घे, सहाही जणांकडून एकेक मुका लिही. मादाम लोलांची लेखणी पळत होती. पान उलटलं, आकडा विसाच्या पुढं गेला, तेव्हा त्यांनी बेरीज केली, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि वहीत ‘टेबल’ या नोंदीसमोर फिब्रोनियाचं पूर्ण नाव लिहिलं. मग म्हणाल्या, बघतेस काय, सुईत दोरा घाल.

दोरा तिसऱ्या खेपेला नेढ्यातून गेला. समोर शाकिरची आई येऊन बसली होती.

“नाव?” फिबीनं विचारलं.

बाईनं दाराकडं पाहिलं. तिथं शाकिर बुटाच्या टोकानं जमीन उकरत होता. मग तिची नजर दोरीवर गेली आणि तिथंच थांबली.

“रिफ्का,” ती म्हणाली. “आणि अक्षर गमालातच्यापेक्षा एक बोट मोठं काढ.”