माझी पाठ बोथटच राहू द्या

मित्रांनो, चौसाळ्यात हमरस्त्याला लागून असलेल्या सुतळी-दोरखंडाच्या दुकानातला मी एक घडीचा चाकू. आता बराच जुना झालो आहे. बीडच्या एका लोहाराने ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याच्या तुकड्यातून मला घडवले आणि बाभळीची मूठ बसवली. खालच्या बाजूला त्याने लखलखीत धार दिली. पाठ मात्र जाड आणि गुळगुळीत ठेवली.

माझे मालक गुरुपादअप्पा. नाडे असोत की कासरे, माझ्या पाठीवर अंगठा दाबून ते एका दमात कापायचे. गिऱ्हाईक कौतुकाने बघत राहायचे. त्या दिवसांत मी सुखात होतो.

पुढे गावात रंगीत टीव्ही आले, रस्त्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली. अप्पांचा धाकटा भाऊ श्रीशैल यालाही नवा धंदा करावासा वाटला. वडिलांच्या दुकानाचा अर्धा भाग त्याच्या वाट्याचा होता. तिथे त्याने विजेवर चालणारा मिरची कुटायचा डंक बसवला. दिवसभर तिखट उडायचे. अप्पांचे गिऱ्हाईक शिंकत शिंकत निघून जायचे. आधी कुरबूर झाली, मग शिव्या झाल्या आणि शेवटी दोघा भावांचे बोलणेच बंद झाले.

त्यानंतर अप्पा मला गादीवर ठेवेनात. मी त्यांच्या खिशात राहू लागलो. श्रीशैल समोरून गेला की त्यांची मूठ माझ्यावर आवळायची. मित्रांनो, त्या मुठीची मला भीती वाटू लागली.

एके दिवशी धार लावणारा सटवा दारात आला. अप्पांनी मला त्याच्यापुढे धरले.

“वरच्या बाजूलाबी धार लाव.”

सटवा गोंधळला. “मालक, मंग अंगठा कुठं ठिवताव?”

“तुला काय करायचंय बे? लाव म्हणलं ना!”

आतून अप्पांची बायको नीलम्मा बाहेर आली. ती हळूच म्हणाली, “अवो, सुतळीला खालची धार पुरती. वरची कुणासाठी पायजे?”

अप्पांनी मला खटकन मिटले. “बीडला जाऊन लावून आणतो,” एवढेच म्हणून ते तडक थांब्याकडे निघाले.

एसटी आली. अप्पांनी दांडीला हात घातला, तेवढ्यात डंकाचा आवाज बदलला. तो घरघरला आणि एकदम कोंडला. पाठोपाठ नीलम्माची किंकाळी आली.

अप्पा एसटी सोडून धावले.

श्रीशैलच्या गळ्यातले उपरणे मोटारीच्या पट्ट्यात सापडले होते. नीलम्माने बटण बंद केले होते, पण उपरणे चाकाला पीळ घालून बसले होते. श्रीशैलचा गाल चाकाला टेकला होता, तोंड काळेनिळे पडले होते. अप्पांनी गळ्याशी बोटे घालून पाहिली. बोट शिरेना.

त्यांनी मला उघडले.

“अवो, गळा कापंल!” नीलम्मा ओरडली.

अप्पांनी माझी पाठ भावाच्या गळ्याला टेकवली आणि मला उपरण्याखाली सरकवले. माझी धार बाहेरच्या बाजूला होती. पाठीखाली श्रीशैलची शीर उडत होती. मित्रांनो, तेव्हा मी लोखंडाचा असूनही गारठलो. अप्पांनी मला बाहेर ओढले. एक पदर तुटला. दुसरा तुटला. मग उपरणे फाटत गेले आणि श्रीशैल धाडकन खाली कोसळला.

क्षणभर काहीच हलले नाही. मग त्याला ठसका लागला.

अप्पांनी त्याची मान चाचपली. रक्त कुठेच नव्हते. माझ्या पाठीचा एक लांब वळ तेवढा उमटला होता.

“लागलं का रे?” कित्येक महिन्यांनी ते भावाशी बोलले.

“न्हाई, अण्णा,” श्रीशैल घोगऱ्या आवाजात म्हणाला. “डंक मागच्या अंगणात नेतो.”

“मर तिकडं त्यो डंक. तू आधी पाणी पी.” अप्पांनी डोळे पुसले. “तिखट गेलं डोळ्यात.”

नीलम्माने पाण्याचा तांब्या पुढे केला.

अप्पा बीडला गेले नाहीत. आता ते थकले आहेत, नायलॉनच्या दोऱ्या तयार तुकड्यांत येतात आणि मी बहुतेक वेळा गादीच्या कोपऱ्यात गंजत पडतो. मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला कोरडे पुसून ठेवा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा, खालची धार जरूर लावा. त्याच्या पाठीला मात्र कधी सहाणेवर धरू नका. कधी कुणाचा गळा तिला टेकेल, सांगता येत नाही.