टाकीखालचा मेन वाल

मी केरबा. आमच्या गावाला पाणी सोडतो. बावीस वर्षं झाली. सकाळी सहाला टाकीचा वाल उघडायचा, आठला बंद करायचा आणि कुठं नळ फुकट चालू दिसला की शिव्या घालायच्या. हीच नोकरी, हीच खोड. पावण्यांकडं जेवायला गेलो तरी आधी त्यांच्या मोरीतला नळ आवळतो, मग ताटावर बसतो. बायको म्हणती, लोक हसत्यात. हसूंद्यात की!

माझी लेक स्वप्नाली गावच्या हायस्कूलात कॉम्प्युटर शिकवती. तिनं एकच ध्यास घेतलता, ऑनलाईन परीक्षेचं केंद्र आपल्याच शाळेत व्हायला पाहिजे. गेल्या साली आमच्या गावातल्या मौलालीची लेक सुहाना असल्याच पेपराला गारगोटीला निघाली, एस्टी वाटेत बंद पडली आणि पेपर हुकला. एवढी हुशार पोरगी, चार दिवस धड जेवली न्हाय. तवापासनं स्वप्नालीचं अर्जावर अर्ज. शेवटी कोल्हापूरच्या परीक्षा हापिसातल्या विद्याश्री मॅडम तपासणीला येणार असं ठरलं. दहाच्या दहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेलं दिसलं, तरच केंद्र.

आदल्या दिवशी लेक अंगणात बसून कागदावर चौकोन आणि रेघा काढत हुती.

"ह्ये काय गं?"

"जोडणीचे प्रकार, आबा. एका लांब तारेवर सगळे कॉम्प्युटर, हा एक. शेजाऱ्याला शेजारी जोडून गोल कडं, हा दुसरा. मधी एक डबा आणि त्यातनं प्रत्येकाला सवती तार, हा तिसरा. आपल्या शाळेत हाच केलाय. आणि चौथ्यात प्रत्येकाला बाकीचे सगळे जोडायचे."

"चौथा नगं बाई! घराघरातनं घराघराला पाईप टाकली तर गाव खणूनच मरंल. आगं, ही तर माझी पाण्याची लाईन! पूर्वी एकच लांब पाईप हुती. मधी फुटली की सगळा गाव बोंबलायचा. आता टाकीखालनं गल्लीगल्लीला सवती पाईप हाय. फुटली तर एकच गल्ली माझ्या नावानं शिमगा करती."

"बरोब्बर, आबा!" लेक टाळ्या वाजवून हसली. माझी छाती अशी फुगली, काय सांगू.

दुसऱ्या दिवशी पाणी बंद करून थेट शाळेत गेलो. लेक फाटकावर मॅडमची वाट बघत हुती. कॉम्प्युटरच्या खोलीत चिटपाखरू न्हाय. मधल्या टेबलावर पार जमिनीपर्यंत लोळणारी नवी चादर घातलेली, आणि तिच्याखाली कायतरी लुकलुकतंय. चादर उचलली तर एक डबा, हिरवे दिवे चालू. माणूस न्हाय, काणूस न्हाय आणि ह्ये फुकट जळतंय! खटकन बटण बंद केलं, चादर नीट केली आणि बाहेर येऊन बसलो. बरं वाटलं.

मॅडम आल्या. हेडमास्तर उदयसिंह सरांनी नारळ दिला. स्वप्नालीनं पहिल्या कॉम्प्युटरवरनं दुसऱ्यावर कागद पाठवला. जाईना. तिसऱ्यावर न्हाय. दहाव्यावर न्हाय. लेक एकेका कॉम्प्युटरमागं वाकून तारा दाबत सुटली. कपाळावर घाम. मॅडमनी घड्याळ बघितलं.

"मला पुढं गडहिंग्लजला जायचंय. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! दारात सुहाना उभी हुती, तिचं तोंड एवढंसं झालं. मला तर ते बघवंना. आणि तवा डोकं चाललं. एक गल्ली कोरडी असली तर खोट त्या गल्लीत. पण सगळ्या गल्ल्या एकदम कोरड्या म्हंजी मेन वाल बंद. आणि मेन वालाला हात कुणाचा लागलाय?

माझाच! गुपचूप जाऊन बटण दाबावं म्हटलं, पण एवढ्या माणसांत चादरीखाली शिरणार कसा? आणि बोल लागणार लेकीलाच. व्हायचं ते हुईल म्हटलं आणि आत घुसलो.

"मॅडम, पोरीची चूक न्हाय! डबा मी बंद केलाय!"

लेकीनं डोळं वटारलं. मी चादरीखाली घुसून बटण दाबलं. जरा वेळानं हिरवे दिवे लागले आणि दहाच्या दहा कॉम्प्युटरवर कागद धडाधड पोचला. सुहानानं दारातच उडी मारली.

"पण त्या डब्यामुळंच सगळं अडलंय हे तुम्हाला कसं कळलं?" मॅडमनी विचारलं.

मग काय! फळ्यावर टाकी काढली, गल्ल्या काढल्या, चारी प्रकार सांगून टाकलं. मॅडमना हसता हसता ठसका लागला.

"ह्यांना कुणी शिकवलं?"

"मी न्हवं," स्वप्नाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी. "मलाच लहानपणापासनं ह्यांनी शिकवलंय."

मॅडमनी तिथंच केंद्राच्या कागदावर सही ठोकली.

मौलालीनं साऱ्या शाळेला जिलेबी वाटली. घरी मात्र लेक माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली न्हाय. म्हटलं, आता शाळेत पाय ठिवायची सोय न्हाय. पण सोमवारी तिनंच हाताला धरून नेलं. डब्यावर तिच्या अक्षरात कागद चिकटवलता: "हा डबा रोज शाळा सुटल्यावर फक्त केरबाआबांनीच बंद करायचा."