उजवीकडचा खिसा

लढाई संपली तेव्हा लग्नाच्या मुली ढीगभर होत्या आणि मुलगे मोजकेच परतले होते. शिंप्याची लेक तिशीला टेकलेली. म्हणून स्थळ आपण होऊन चालून आलं, तेव्हा बायकोनं नवऱ्याला सकाळीच बजावलं, की आज कृपा करून तोंड आवरा. तिचं काही चुकलं नव्हतं. या माणसाच्या जिभेला हाड नव्हतं, आणि समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याची नजर शिवणीवर जायची.

त्या दिवसांत नवं कापड मिळत नसे. विटलेला कोट उसवायचा, आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा, की झाला नवा. फक्त छातीवरचा डावा खिसा उजवीकडे जायचा. मुलाचे वडील खुर्चीत टेकले आणि शिंप्याला नेमका तो खिसा दिसला. मग काय, राहवतंय थोडंच!

"उलटवलेला दिसतोय कोट," तो हसत म्हणाला. "हात मात्र घरगुती वाटतो."

मुलगा खाली बघू लागला. त्याची आई हळूच म्हणाली, "मीच शिवलाय. आमच्या थोरल्याचा होता. तो लढाईतून आला नाही. यांच्या अंगावर बघवेना, म्हणून उलटवला. ओळखू येऊ नये म्हणून." मग तिनं नवऱ्याच्या छातीकडे पाहिलं. "खिशाचा मी विचारच केला नव्हता. आता तोच दिसत राहील."

शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवा कोट शिवून देतो म्हणाला, तर ते नको म्हणाले. त्या भल्या माणसांनी लग्न मात्र मोडलं नाही, आणि याचीच त्याला जास्त लाज वाटली.

लग्नाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. व्याही तो कोट घरीच ठेवून नुसत्या सदऱ्यावर आले, कुडकुडत एका कोपऱ्यात बसले. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. एकानं शिंप्यालाच डिवचलं, की शिंप्याचा व्याही आणि अंगात कोट नाही? खरं कारण सांगावं, तर स्वतःचीच अब्रू जाणार होती.

"आमचे व्याही जरा उष्ण प्रकृतीचे आहेत," तो म्हणाला.

सगळे खो खो हसले. तोही हसला. वळून बघतो तर लेक मागेच उभी. तिनं अंगावरची शाल काढली, सासऱ्यांच्या खांद्यांवर घातली आणि परत बापापाशी आली.

"बाबा, आमच्याकडे इतक्यात येऊ नका," ती म्हणाली. "आई एकटी आली तरी चालेल."