शिट्टीआधी झेंडा उतरत नाही

आमचा फुटबॉल क्लब विणकरांचा. कापडगिरणीतल्या माणसांनी नदीकाठचं रान साफ करून मैदान केलं आणि गिरणीच्याच मागावर झेंडा विणला. बायका अजून म्हणतात,

निळा धागा नदीचा, पांढरा गं कापसाचा
मागावरी विणियेला झेंडा आमुच्या गावाचा

गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, झेंडा राहिला. सभासद गेला की तोच त्याच्या शवपेटीवर पांघरायचा. पण मॅच चालू असताना, शेवटची शिट्टी होईपर्यंत, तो काठीवरून उतरवायचा नाही. हा नियम क्लबचे जुने सभासद सेउ बेलार्मिनो, म्हणजे बेलार्मिनोराव, यांनी सभेत टेबल बडवून करून घेतलेला. एकदा पुराचं पाणी चढलं, गोलच्या जाळीत मासे अडकले, तरी त्यांनी झेंड्याला हात लावू दिला नाही.

तेच बेलार्मिनो शनिवारी संध्याकाळी गेले. रविवारी दफन, आणि रविवारीच रेल्वे कामगारांच्या क्लबशी, आमच्या जुन्या वैऱ्यांशी, मॅच. पंचांची बस वाटेत बंद पडली, मॅच उशिरा, पाचला सुरू झाली. दफनभूमीचं फाटक सहाला लागतं.

मुलगा ओझियास धावत मैदानावर आला. "सेउ जुव्हेन्सियो, पाया पडतो, झेंडा द्या. बाबा उघडेच जातील हो!"

क्लबचे अध्यक्ष जुव्हेन्सियो रडवेले झाले. "अरे, नियम तुझ्या बापाचाच! मी उतरवला तर तो पेटीतून उठून माझी कानउघाडणी करील."

ओझियासनं घरी जाऊन आईला सांगितलं. दोना लेओकादिया, म्हणजे लेओकादियाबाई, इंजिन ड्रायव्हरची लेक, जन्माची रेल्वेवाली. नवऱ्याचा निळा-पांढरा शर्ट तिनं कधी आपल्या कपड्यांत धुतला नाही. ती पेटीकडे बघून म्हणाली, "हट्टी मेला! झेंडा येत नसेल, तर ह्यालाच तिकडे न्या. झेंड्याशिवाय मी मातीत ठेवायची नाही."

पेटी आणून गोलमागच्या आंब्याखाली ठेवली. रेल्वे एका गोलनं पुढे होती. सहा वाजून गेले.

"फाटक लागलं असेल, आई," ओझियास म्हणाला.

"लावणार कोण?" रेल्वेवाल्यांच्या गर्दीतून आवाज आला. दफनभूमीचा रखवालदार आझेनोर शेंगा खात उभा होता. त्यानं किल्ल्या खुळखुळवल्या. "दोना लेओकादिया, निवांत बसा. आपण जिंकल्याशिवाय मी हलत नाही."

"गप रे, खेळ बघ!" ती म्हणाली. पण तिचे डोळे काठीवरच.

शेवटच्या मिनिटांत आमच्या डावखुऱ्या सिरिनेउनं बॉल डोक्यानं आत घातला. मैदान उसळलं. दोना लेओकादिया ताडकन उठली, मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघत खाली बसली.

"काय हो दोना, पक्ष बदलला?" आझेनोरनं टोमणा मारला.

"पाय अवघडला माझा!"

शिट्टी झाली. झेंडा सावकाश खाली आला. जुव्हेन्सियो तो पेटीवर पसरायला लागले, तर तिनं त्यांच्या हातातून घेतला. ज्या कापडाला जन्मात शिवली नव्हती, ते तिनं दोन्ही तळव्यांनी नीट बसवलं, पायाकडचं टोक आत खोचलं.

"बरोबरी झाली बघ," ती पेटीपाशी वाकून पुटपुटली, "आता रात्रभर भांडायला काही उरलं नाही."

पेटी उचलताना एका बाजूला आमची पोरं होती, दुसऱ्या बाजूला घामाघूम रेल्वेवाले. आझेनोर फाटक उघडायला पुढे पळाला.