नूरुल्लाची शिकवलेली बदकं

मोहरममध्ये गावच्या मुल्ला आगांनी कर्बलाची कथा गायला घेतली, सूर चढला, बसलेल्यांचे डोळे वाहू लागले. त्याच बैठकीत नूरुल्ला नवस बोलला : गुलअंदाम दुखण्यातून उठली, तर पाखरांवर पुन्हा जाळं टाकणार नाही. बायको उठली. त्याने जाळं चुलीत घातलं. पण रानबदकांना भुलवून जाळ्यात आणायला हाताने वाढवलेली बारा बदकं कापवेनात. ती त्याने शेजारच्या, मशहदची यात्रा करून 'मश्ती' झालेल्या रहमतला देऊन टाकली.

आता थंडीभर तो इराणच्या माझंदरान किनाऱ्यावरच्या उथळ तळ्याकाठी नुसता बसे; रहमतचं जाळं पडायच्या वेळी मान फिरवी. आज उत्तरेकडून रानबदकांचा थवा आला, लव्हाळ्यावर घिरट्या घालू लागला. तोच रहमतच्या डबक्यातून ती बारा उडाली, थव्यात मिसळली आणि पाहुण्यांना घरी न्यावं तशी त्यांना खाली घेऊन आली. भात चारून, शीळ घालून नूरुल्लानेच शिकवलं होतं ते. त्याने शिळेसाठी ओठ जुळवले. पण दिलेलं परत कसं बोलवायचं? रहमतचं जाळं पडलं; या वेळी त्याला मान फिरवता आली नाही.

तो थेट रहमतच्या तळ्याकाठच्या झोपडीत शिरला.

"ये रे नवसकऱ्या, चहा घे! काय गुणी पाखरं दिलीस! रोज दुवा देतो तुला."

"दुवा नको, मश्ती. बदकं दे."

"वा! पुण्य तुला नि उपास मला? अरे, नवस तू केलास, बदकांनी नाही."

"शिकवलं मी त्यांना."

"मग हिवाळाभर मान फिरवून बस."

आजवर त्याने दुसरं केलं होतं काय!

एवढ्यात दुसरा थवा आला. बारा बदकं उडाली. नूरुल्लाने बाहेर धावत येऊन शीळ घातली. ती वळली, त्याच्या पायाशी उतरली. मागून आलेला थवा माणूस बघून बिचकला आणि समुद्राकडे निघून गेला.

"सत्यानाश!" रहमत ओरडला. "ने तुझी फितूर पाखरं! पुन्हा माझ्या दारात चहाला येऊ नकोस!"

अंगणात बदकं बघून गुलअंदाम म्हणाली, "अहो, ही परत आणलीत?"

"नवस अर्धाच फेडला होता मी."

"आणि इतके दिवस यांच्यामागून रहमतभावजींच्या जाळ्यात गेली ती रानपाखरं?"

नूरुल्लाने बदकांपुढे भात टाकला. वर बघायचं धैर्य त्याला झालं नाही.