जागा राखणारी खुर्ची

मी जुनी खुर्ची, मित्रांनो. बीचच्या लाकडाची, बिनहातांची, पाठीला तीन दांड्या असलेली. दिवाणखान्यात मिरवणारी नव्हे. माझा जन्म स्वयंपाकघरासाठी झाला, आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस मात्र मी भर रस्त्यात, गुडघाभर बर्फात काढला. ते कसं झालं, तेच सांगायला बसले आहे.

बाल्कन डोंगराच्या उतारावर आमचं गाव. तिथल्या मिन्चो सुतारानं मला घडवलं. खिळा म्हणून एक वापरला नाही त्यानं; लाकडात लाकूड बसवलं, वरून सरस लावला आणि मला जमिनीवर ठेवून स्वतःच धपकन बसला. मी कुरकुरले नाही. तो हसला. "ही कुणालाही पेलेल," म्हणाला. जन्मल्याबरोबर असं कौतुक कानी पडलं की लाकूडसुद्धा सरळ राहतं, बघा.

वेलिकानं मला नेलं तेव्हा ती नवी नवरी होती. गावच्या इस्पितळात सुईण. पाळी संपवून ती घरी यायची, माझ्यावर बसायची, बूट काढायची आणि एक उसासा टाकायची. त्या उसाशावरून मला कळायचं, बाळ सुखानं आलं की अडून आलं. स्वतःची मुलगी दोब्रिना तिनं माझ्यावरच बसून पाजली. पाजताना गुणगुणायची,

"हळू ये रे बाळा, घाई नको फार,
उंबऱ्यात तुझ्यासाठी उघडं आहे दार."

जानेवारीत आमच्याकडे सुइणींचा दिवस असतो. त्या दिवशी मला पुसून अंगणात मांडायचे. वेलिका माझ्यावर बसायची आणि वर्षभरात जिच्या घरी पाळणा हलला अशी प्रत्येक बाई येऊन तिच्या हातांवर कोमट पाणी घालायची, साबणाची वडी आणि नवा टॉवेल द्यायची. कुणी वाळलेल्या लाल मिरच्यांची माळ तिच्या गळ्यात घालायची. अंगण हसण्यानं भरून जायचं. अशी त्रेचाळीस वर्षं गेली.

मग वेलिकाचे गुडघे दुखू लागले. तिच्यासाठी मऊ गादीची आरामखुर्ची आली. माझ्या पाठीची एक दांडी तडकली होती, ती कुणी सांधली नाही. मला तळघरात नेऊन कोबीच्या पिंपाशेजारी ठेवलं. तीन हिवाळे मी आंबणाऱ्या कोबीच्या वासात काढले. माझ्यावर पिंपाचं झाकण ठेवायचे, एवढंच. माणसाचा भार पेलणाऱ्याला झाकण पेलायला लावणं यासारखं दुःख नाही, मित्रांनो. पण तक्रार कुणाकडे करणार?

चौथ्या हिवाळ्यात दोब्रिना तळघरात आली. आता ती पंचेचाळिशीची झाली होती. तिनं मला उचललं, फडक्यानं पुसलं आणि थेट रस्त्यावर नेलं.

झालं होतं असं. वेलिकाची मूत्रपिंडं थकली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यातून तीनदा तिला इस्पितळात नेऊन यंत्रावर तिचं रक्त धुवावं लागायचं. दोब्रिना आपल्या लहानशा गाडीतून तिला न्यायची. आणि त्या वर्षी बर्फ असा पडला, असा पडला, की आकाशानं जणू साठवणीची सगळी पिसं एकदम उसवली. आमची कुंभार चढण म्हणजे बावीस घरांची उभी गल्ली. एका बाजूला गाड्या लावायच्या, दुसऱ्या बाजूनं जायचं-यायचं. दोब्रिना पहाटे उठून तासभर फावडं मारायची तेव्हा कुठे गाडी मोकळी व्हायची. एवढ्या मेहनतीची जागा सोडून इस्पितळात जायचं, आणि परत येईपर्यंत दुसऱ्यानं तिथे गाडी लावली तर? म्हणून तिथे मला ठेवायचं.

आमच्याकडे ही रीतच आहे. ज्यानं जागा उकरली, जागा त्याची; आणि त्याची वस्तू तिथे असेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्या हिवाळ्यात चढणीवर अशी पलटणच उभी होती. विधवा स्लावाचं बाटल्यांचं रिकामं खोकं, कुणाची कपडे वाळत घालायची घडवंची, आणि आमच्या शेजारच्या गांचोचं चक्क इस्त्रीचं टेबल. खरं सांगते, मला अभिमान वाटला. अंगावर बर्फ साचायचा, पाय गारठायचे. पण मी पुन्हा कामाची झाले होते.

भांडणं मात्र रोजची. एका रविवारी दोब्रिना बाहेर आली आणि माझ्याकडे बघून थबकली.

"गांचोदादा, माझी खुर्ची सरकवलीत तुम्ही! चांगली दोन वीत!"

"मी कशाला सरकवू? बर्फच सरकला असेल."

"बर्फ सरकला, आणि तुमचं इस्त्रीचं टेबल मागोमाग चालत आलं, होय ना?"

"अगं, त्याला चार पायसुद्धा नाहीत, चालेल कसं?" असं म्हणून गांचोनं स्वतःच मला मागे आणून ठेवलं. माणूस वाईट नव्हता. पण जागा म्हटली की वाईट व्हायचा. सगळेच व्हायचे.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: दोष नगरपालिकेचा, ती रस्त्यातला बर्फ काढतच नाही. रोज कुणी ना कुणी फोन लावायचं. तिकडून उत्तर यायचं, "तुमची गल्ली दुय्यम यादीत आहे." एकदा तर सांगितलं, "तुमच्याकडचं काम मंगळवारीच झालंय, नोंद आहे."

स्लावा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झालंय? मग मी काय ढगावर उभी आहे? या लोकांना हिवाळा दरवर्षी नवाच वाटतो. नोव्हेंबर उजाडला की विचारत असतील, हे पांढरं पांढरं काय पडतंय बुवा!"

लोक हसायचे आणि पुन्हा फावडं मारायला लागायचे. आणि मित्रांनो, आता जे सांगते ते मी भर रस्त्यात उभी होते म्हणूनच मला दिसलं. आपल्या जागेतला बर्फ प्रत्येक जण उचलायचा आणि रस्त्यात टाकायचा. अंगणातलाही तिथेच. "रस्ता नगरपालिकेचा," म्हणायचे, "बर्फ काढायचं यंत्र आलं की नेईल." जागा लख्ख होत होत्या, ढीग वाढत होते. वाट आधी गाडीपुरती उरली, मग हातगाडीपुरती, मग एका माणसापुरती.

बुधवारी दोब्रिनाची गाडी स्लावाच्या ढिगात रुतली. पुढे जाईना. चार जणांनी ढकलून कशीबशी मागे घेतली, पण जागेत वळेना; ती वरच्या कोपऱ्यावरच ठेवावी लागली, आणि जागेत मी राहिले. त्या दिवशी वेलिकाचं रक्त धुतलं गेलं नाही.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "एक बुधवार चालवून घेऊ. पण शुक्रवार चुकवायचा नाही. कळलं ना? शुक्रवार काहीही करून."

गुरुवारी दुपारी एकदाचं यंत्र आलं. चढणीच्या पायथ्याशी पिवळा दिवा फिरताना दिसला आणि सगळी घरं बाहेर धावली. चालकाचं नाव झाप्र्यान. दाढी वाढलेली, डोळे लाल. तो खाली उतरला, वर बघितलं आणि टोपी मागे सारून उभा राहिला.

"आता उजाडलं का तुमच्याकडे?" गांचो ओरडला. "दहा दिवस झाले!"

"दहा दिवस मी या गाडीतच राहतोय, दादा. गावाला दोन यंत्रं, त्यातल्या एकाचा आस मोडलाय. बायकोनं काल मला दारात ओळखलं नाही." त्यानं ढिगांकडे बोट दाखवलं. "पण मी पातं घालू कुठे, सांगा. इकडे गाड्या, तिकडे भिंती, मध्ये हे डोंगर. ते आभाळातून असे एकावर एक रचून पडले का?"

लोक आपापली फावडी पाठीमागे लपवू लागले.

"निदान त्या वस्तू उचला, ढीग फोडा आणि गाड्या खाली चौकात लावा. तासाभरात मोकळं करून देतो."

आता बघा हं. बावीस घरं होती, दहा दिवस यंत्राची वाट बघत होती. आणि पहिली वस्तू उचलायला एकही हात पुढे आला नाही. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता. मी उचललं आणि यानं नाही उचललं तर? माझी जागा गेली तर? गांचो इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभा राहिला. स्लावा खोक्यावर बसलीच. आणि दोब्रिना, माझी दोब्रिना, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता, तो उचलला नाही. मला तेव्हा माझ्या चारही पायांची लाज वाटली.

झाप्र्याननं टोपी पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाला, "शाळेचा रस्ता राहिलाय माझा," आणि निघून गेला.

शुक्रवारी सकाळी वेलिकाचे पाय सुजून बुटात जाईनात. तिला बोलताना दम लागत होता. इस्पितळाची गाडी आली, पण चौकातच थांबली. तिथून आमचं दार दीडशे पावलं वर. चालकानं फोन केला, "मला वर येता येत नाही. पाऊण तास थांबतो. मग दुसरा पेशंट आहे."

दोब्रिना बाहेर आली. क्षणभर आपल्या उकरलेल्या जागेकडे पाहत राहिली. मग तिनं मला उचललं. नुसतं सरकवलं नाही, उचलून घरात नेलं. जागा उघडी पडली. भर चढणीवर, सगळ्यांच्या देखत.

गांचो समोरच फावडं घेऊन उभा होता. चौकातली गाडी त्यालाही दिसली होती; काही सांगावं लागलं नाही. घरात आला, फावड्याचा दांडा उपसून काढला, दुसरा स्लावाकडून आणला, आणि माझ्या बसायच्या फळीखालून दोन्ही दांडे दोरीनं आवळून बांधले. माझी डोली झाली. वेलिकाला गोधडीत गुंडाळून माझ्यावर बसवलं. पुढे गांचो आणि आणखी एक जण, मागे दोघे.

दारातून निघालो आणि पाच पावलांवर अडलो. वाट एका माणसाची, आम्ही दोन-दोन जण शेजारी. समोर गांचोचाच ढीग.

वेलिका गोधडीतून म्हणाली, "गांचो."

"काय, आजी?"

"तूही असाच अडला होतास. डोकं हे एवढं. तुझी आई ओरडून ओरडून थकली. मी तुला ओढून काढला." तिला दम लागला, ती थांबली. "आज तुझी पाळी आहे बाबा. काढ मला."

कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक पुसलं. गांचोनं मला खाली टेकवलं, शेजाऱ्याचं फावडं ओढून घेतलं आणि आपल्या ढिगावर तुटून पडला. मग ज्याचा ढीग, तो पुढे येऊ लागला. बर्फ रस्त्यात टाकायचा नाही, हे कुणी सांगितलं नाही. टाकायला रस्ताच नव्हता. मग तो टाकायचा कुठे? प्रत्येकाच्या त्या उकरलेल्या, राखलेल्या, लख्ख जागेत. स्लावानं आपलं खोकं लाथेनं उडवलं. "टाका इथे! टाका हो! मला कुठे गाडी आहे? पोराची राखत होते, तो येतोय मे महिन्यात!"

घडवंची गेली. इस्त्रीचं टेबल गेलं. दहा दिवस सांभाळलेल्या जागा दहा-दहा मिनिटांत भरत गेल्या आणि मधली वाट उघडत गेली. आम्ही पाच पावलं जायचो, थांबायचो, पुन्हा पाच पावलं. चौकातून चालकानं भोंगा वाजवला. दोब्रिना पुढे धावत गेली, "निघू नका! आलोच आम्ही, आलोच!"

शेवटच्या उतारावर एकाचा पाय घसरला. डोली कलली, सगळा भार माझ्या मागच्या डाव्या पायावर आला आणि मी जमिनीवर आदळले. मला माझंच लाकूड कडकन तडकलेलं ऐकू आलं. पण मी धरून ठेवलं, मित्रांनो. कसं, ते मिन्चो सुतारालाच ठाऊक. वेलिकाला गाडीत उचलून घेतलं, दार लागलं, गाडी वळली. त्यानंतर तो पाय निखळून बर्फात पडला.

वेलिका संध्याकाळी परत आली, गालांवर थोडा रंग घेऊन. तोवर लोकांनी गाड्या खाली चौकात नेल्या होत्या आणि झाप्र्यान यंत्र घेऊन एकदा वर, एकदा खाली जाऊन आला होता. जाताना स्लावानं त्याच्या खिडकीतून गरम बानित्सा, आमची चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, आत दिली. "खा रे बाबा. आणि बायकोला सांग, हा तुझाच नवरा आहे म्हणून." नगरपालिकेवरचा राग काही संपला नाही. अर्ज गेला, बावीस सह्यांचा, की निदान तिसरं यंत्र तरी घ्या. तो जायलाच हवा होता.

माझ्या पायाला गांचोनं लोखंडी पट्टी ठोकली. तळघरात मला परत नेलं नाही, आणि जागा राखायलाही ठेवलं नाही. मी आता चढणीच्या पायथ्याशी, चौकातल्या भिंतीला टेकून असते. इस्पितळाच्या गाडीची वाट बघणारी वेलिका माझ्यावर बसते. ती नसली तर पिशव्या घेऊन चढणारं कुणीही बसतं, घटकाभर दम खातं आणि वर जातं.

मित्रांनो, तुमच्या गावात बर्फ नसेल. पण तुमच्या दारातलं काहीतरी तुम्ही रोज उचलून बाहेर टाकतच असाल. टाकण्याआधी एकदा बघा, ते कुणाच्या वाटेत पडतंय. आणि ज्यांनी वाट झाडायची त्यांच्यावर जरूर रागवा, पण त्यांना पाय ठेवायला जागा तरी ठेवा. एवढं सांगून थांबते. वरून कुणीतरी काठी टेकत, धापा टाकत येतंय. त्यांना बसायला मी मोकळं असलं पाहिजे.