मॅडमनी पाहिलं होतं

हेमराजचा फोन काही इश्वरसाठी नव्हता. त्याच्या पोरीच्या पुनर्मूल्यांकनाचा निकाल अडकला होता, आणि चुलत बहीण कुलगुरू असताना निकाल अडकतोच कसा, असा त्याचा सरळ सवाल होता. करुणा बैठकीला निघाली होती. चालता चालता ती “हो हो, करू” म्हणत होती.

फोन ठेवता ठेवता हेमराज म्हणाला, “अन् ताई, आपला इश्वर एकदम मजेत आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं त्याले तोंडातला तुकडा काढून तपासाले सांगतलं होतं. गेलाच नाही तो. म्हणते, करुणाताईनं पाहून देल्लं, काही नाही म्हणाली, मंग कायले जाऊ?”

करुणा जागीच थांबली. “मी? मी कधी पाहिलं?”

“अवं, तुह्या सत्कारात! स्टेजवर! थांब, फोटोच धाडतो.”

फोटो आला. आंधळगावचं समाजभवन, गळ्यात हार, खांद्यावर कोशाच्या रेशमाची शाल. समोर इश्वर आ करून उभा आणि ती किंचित वाकून हसते आहे. खाली कोण्या उत्साही माणसानं लिहिलं होतं, ‘संशोधक कुलगुरूंनी केली गावकऱ्याची तपासणी’.

गोष्ट नोव्हेंबरातली. शाल इश्वरनं स्वतःच्या मागावर विणली होती. एकाच गल्लीतलं, एका शाळेतलं पोर ते. ती तिच्या खांद्यावर घालताना तो हळूच म्हणाला होता, “ताई, जरा तोंड पाहता का? डॉक्टरनं लय भेव दाखवला.” तेवढ्यात पीएनं मंत्रालयाचा फोन पुढं केला. ती वाकली आणि म्हणाली, “काही नाही रे, काळजी करू नकोस.” सत्काराच्या गर्दीत माणसं असंच बोलतात हो! त्यात कोणाचं काय बिघडतं?

पण बोलणारी कोण होती? बावीस वर्षं या बाईनं दुसरं काही केलं नव्हतं. तंबाखू खाणाऱ्याच्या गालात पांढरा चट्टा उठतो. त्यातला कोणता चट्टा जन्मभर गप्प बसेल आणि कोणता उलटून कॅन्सर होईल, एवढाच तिचा प्रश्न. हजारो काचपट्ट्या पाहिल्या, निबंध लिहिले, परदेशात जाऊन वाचले. कोणत्या काचपट्टीवर काय होतं, हे ती आजही घडाघडा सांगेल. मग विभागप्रमुख झाली, अधिष्ठाता झाली, कुलगुरू झाली, आणि सूक्ष्मदर्शकावर कापड पडलं ते पडलंच. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. उगाच खोटं कशाला सांगा? खुर्ची तिला आवडत होती.

आता ती इश्वरचं तोंड आठवायचा प्रयत्न करत होती. शालीचा काठ आठवला. हाराच्या झेंडूचा वास आठवला. फोनवर मंत्री काय म्हणाले ते शब्दन् शब्द आठवलं. तोंड आठवेना. उजवा गाल की डावा, तेही आठवेना.

बैठक तिनं तशीच सोडली. कुलसचिव बघतच राहिले. “भैय्यालाल, गाडी काढ. आंधळगाव,” ती ड्रायव्हरला म्हणाली.

वाटेत तिनं इश्वरला सहा वेळा फोन लावला. मागावर बसलेला माणूस फोन कुठला उचलतोय! शेवटी येत असल्याचं तिनं हेमराजला कळवलं. जवाहरनगरशी फॅक्टरीच्या बसगाड्या आडव्या आल्या, तेव्हा ती भैय्यालालवर खेकसली. वरठीला कारखान्याची पाळी सुटलेली, मोटारसायकलींचा लोंढाच लोंढा. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, ती बोटांवर मोजत होती. चार महिन्यांत काय होऊ शकतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि त्यामुळेच तिला धड बसवत नव्हतं. कदाचित साधाच चट्टा असेल. पुष्कळांचा असतो. आपणच तर तसं लिहून ठेवलंय. असं म्हणता म्हणता ती पुन्हा महिने मोजत होती.

हेमराजनं तोवर गल्लीभर केलं होतं. इश्वरच्या दारात खुर्च्या मांडलेल्या, बायामाणसं जमलेली, कोणीतरी गुच्छसुद्धा आणलेला. करुणानं गुच्छाकडं पाहिलंही नाही.

इश्वर मागाच्या खड्ड्यातून उठून आला. “या जी ताई! अचानक कशा?” बोलताना त्याचे ओठ नीट उघडत नव्हते. करुणानं ते आधी पाहिलं.

“तोंड उघड.”

“अवं, चहा तं घ्या...”

“उघड म्हणते ना!”

जेमतेम दोन बोटं जातील एवढंच ते उघडलं. तिनं मोबाइलचा उजेड धरला. डावा गाल होता. आत चट्टा नव्हता आता, जखम होती, कडा उचललेली. तिनं त्याच्या हनुवटीखाली बोटं फिरवली. तिथं चण्याएवढी कडक गाठ लागली.

“उद्या सकाळी नाही, आत्ताच नागपूरला चल माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “तुकडा काढून तपासायचा आहे.”

इश्वर हसला. “तुमाले कोणी भेवाडलं काय? तुमीच तं सांगतलं काही नाही म्हणून. सुई लावली का ते पसरते म्हणतात. मी नाही येत जी.”

“असं काही पसरत नसतं, इश्वर.”

“मंग तवा काही नाही कसं म्हटलं?”

गल्ली तिच्याकडं पाहत होती. हेमराज लगेच धावून आला, बहिणीची अब्रू म्हणजे त्याचीच. “अरे, तवा नसन ते! मंग झालं असन! मॅडम काय खोटं सांगतीन?”

बायांनी माना हलवल्या. हो, तसंच असेल. करुणानं नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं, की तिचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. ते ‘हो’ तिच्या जिभेवर आलंही होतं.

इश्वर म्हणाला, “आपोआप आलं तं आपोआप जाईन. अजून चार महिने पाहू. तुमी याच तवा, पुन्हा पाहून घ्या.”

अजून चार महिने! करुणानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“इश्वर, त्या दिवशी मी पाहिलंच नाही.”

“आँ?”

“तू तोंड उघडलंस. मी वाकले. पण पाहिलं नाही. माझं लक्ष फोनकडं होतं. न पाहताच मी काही नाही म्हणाले.”

हेमराज खाली मान घालून चपलेनं माती उकरू लागला. इश्वरची बायको मंदाबाई चहाचे कप घेऊन उंबऱ्यात आली होती. तिनं कप तिथंच जमिनीवर ठेवले.

इश्वरनं विचारलं, “अन् आज? आज पाह्यलं नं बराबर?”

“पाह्यलं.” भाषणांतली, बैठकांतली तिची मराठी कुठल्या कुठं गेली. “पाह्यलं रे बावा. अन् मले लय भेव लागून राहिला.”

इश्वर आत गेला, खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला आणि भैय्यालालच्या शेजारी जाऊन बसला.

मंदाबाई मागं करुणाजवळ बसली. मोहाडी मागं पडली, वरठी मागं पडलं. करुणा एकेका डॉक्टरला फोन लावत होती, अर्जंट, अर्जंट म्हणत होती. मंदाबाई खिडकीबाहेर पाहत होती. फोन संपल्यावर ती इश्वरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली.

“डॉक्टरच्या भेवानं त्यानं खर्रा सोडला होता, ताई. वीस वर्साचा तंबाखू. एकवीस दिवस झाले होते सोडून. तुमचा कार्यक्रम झाला, त्या सांजीले पुन्हा सुरू केला.” ती थांबली. “टपरीवर जाऊन पुडी मीच आनून देल्ली. खुशीत.”